सेनापतींच्या पदकांना घाई कशासाठी?

७ सप्टेंबर १९६५ रोजी आदमपूरच्या तळावरून भारतीय हवाई दलाची मिस्टेअर विमानं पाकिस्तानातल्या सरगोध्यावर हल्ला करायला निघाली. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या त्या दिवशी राखीव वैमानिक होते. एखादं विमान ऐनवेळी गळालं तर त्याची जागा घ्यायची, एवढंच त्यांचं काम. ते तुकडीत सामील झाले आणि परत आले नाहीत. ‘बेपत्ता’ अशी नोंद झाली. त्यांच्या शेवटच्या काही मिनिटांत काय घडलं हे भारतात कोणालाच माहीत नव्हतं, कारण पाहणारं कुणी उरलंच नव्हतं.

पाहणारे होते ते पलीकडच्या बाजूला. पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटर या स्वनातीत विमानाने देवय्यांना गाठलं होतं. त्यांच्या मिस्टेअरला गोळ्या लागल्या होत्या आणि वेगात ते शत्रूच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं. तरीही त्यांनी विमान वळवलं, झुंज घेतली आणि स्टारफायटर पाडलं. त्याचा वैमानिक हवाई छत्रीने उतरून वाचला. ही हकिकत १९७९ मध्ये एका ब्रिटिश लेखकाच्या, तीही पाकिस्तानी हवाई दलाची बाजू सांगणाऱ्या पुस्तकातून बाहेर आली. देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झालं १९८८ मध्ये. युद्धानंतर तेवीस वर्षांनी.

या तेवीस वर्षांत देवय्यांच्या शौर्यात कणभरही भर पडली नव्हती. पडली ती कागदांत. युद्धानंतरच्या पदकांबद्दल बोलताना मला हे उदाहरण सगळ्यांत आधी आठवतं, कारण पदक कशावर ठरतं ते यात उघडं पडतं. पराक्रम घडावा लागतो, तो कुणीतरी पाहावा लागतो, पाहणारा जिवंत राहावा लागतो आणि त्याचा शब्द वरपर्यंत पोचवणारा कुणीतरी असावा लागतो. यातली एक कडी तुटली तरी पदक नाही.

ही साखळी कशी चालते ते पाहा. चौकीवर जवान लढतो. त्याच्याबद्दलची शिफारस कंपनी कमांडर लिहितो, पलटणीचा कमांडिंग ऑफिसर ती पुढे पाठवतो. मग ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड आणि दिल्लीतलं मुख्यालय. तिथली समिती छाननी करते, संरक्षण मंत्रालय मोहोर उमटवतं आणि राष्ट्रपतींच्या नावाने राजपत्रात अधिसूचना निघते. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत लेखणी अधिकाऱ्याच्या हातात असते. शिपायाला स्वतःबद्दल लिहिता येत नाही, शेजारच्या खंदकातल्या मित्राबद्दल तो फार तर साक्ष देऊ शकतो. आणि कंपनी कमांडरच धारातीर्थी पडला तर?

लडाखमधल्या रेझांग ला इथे असंच झालं. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीने चुशूलजवळच्या या खिंडीत शेवटच्या गोळीपर्यंत झुंज दिली. मेजर शैतान सिंग यांच्यासह शंभराहून अधिक जवान पडले. जे मोजके वाचले त्यांनी सांगितलेल्या हकिकतीवर सुरुवातीला विश्वास बसत नव्हता. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मृतदेह सापडले, गोठलेले, खंदकांत, कित्येकांच्या हातांत अजून शस्त्रं होती. तेव्हा कुठे खात्री पटली. बर्फाने साक्ष जपून ठेवली म्हणून शैतान सिंग यांचं परमवीर चक्र आणि त्यांच्या जवानांची वीर चक्रं आपल्याला माहीत आहेत. जिथे बर्फ नव्हता, जंगल होतं किंवा नदी होती, तिथल्या किती जणांची साक्ष वाहून गेली असेल?

कधी कधी शत्रूच साक्षीदार होतो. १९७१ मध्ये जरपालच्या लढाईत पाकिस्तानच्या लेफ्टनंट कर्नल महंमद अक्रम राजा यांनी केलेला प्रतिहल्ला पाहून ३ ग्रेनेडिअर्सचे लेफ्टनंट कर्नल वेद प्रकाश ऐरी यांनी त्यांच्या शौर्याची लेखी दाद दिली. राजा यांना त्यांच्या देशाने हिलाल-ए-जुर्रत दिलं. कारगिलमध्ये टायगर हिलवर पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हा हुद्दा नव्हे, नावाचाच भाग) पडले तेव्हा ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांच्या पार्थिवासोबत तशीच चिठ्ठी पाठवली. पुढे पाकिस्तानने त्यांना निशान-ए-हैदर दिलं. आपल्या सैन्याच्या या दिलदारीचा मला मनापासून अभिमान आहे. शत्रूच्या शौर्याची नोंद करण्याइतकं मोठं मन असलेल्या सैन्याला आपल्याच पदकांच्या नोंदी पुन्हा उघडून पाहणं जड जाऊ नये.

आता अधिकाऱ्यांकडे वळतो, कारण वादाचा विषय तिथे आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगायला हवी. अधिकाऱ्यांना शौर्यपदकं जास्त मिळतात म्हणून ती खोटी, असं मी म्हणत नाही. आजवर २१ परमवीर चक्रं दिली गेली. त्यांपैकी १२ अधिकाऱ्यांना आणि ९ जेसीओ (सुभेदार दर्जाचे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) व जवानांना मिळाली. बारा जणांत मुख्यतः लेफ्टनंट, कॅप्टन आणि मेजर आहेत. सगळ्यांत वरचा हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा, पूना हॉर्सचे अर्देशीर तारापोर यांचा, आणि तेही चविंड्याच्या रणात आपल्या रणगाड्यासह पडले. राजौरीच्या वाटेवर दिवसरात्र सुरुंग आणि अडथळे दूर करणारे कारवारचे रामा राघोबा राणे सेकंड लेफ्टनंट होते. आपला तरुण अधिकारी जवानाच्या पुढे चालतो, मागून हुकूम सोडत नाही. अरुणकुमार वैद्य यांना १९६५ मध्ये डेक्कन हॉर्सचे प्रमुख म्हणून महावीर चक्र मिळालं आणि १९७१ मध्ये ब्रिगेडियर असताना बसंतरच्या सुरुंगक्षेत्रासमोर पुन्हा तेच. गोळ्यांच्या माऱ्यात उभा असेल तर ब्रिगेडियरलाही शौर्यपदक मिळालंच पाहिजे.

याबाबतीत प्रजासत्ताक भारताने सुरुवात फार चांगली केली होती. इंग्रजांच्या सैन्यात पदकालाही जात होती. अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस, शिपायाला मिलिटरी मेडल. पराक्रम तोच, पण हुद्दा पाहून धातू बदलायचा. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ पासून सर्व हुद्द्यांना खुला होता खरा, पण हिंदी सैनिकांना त्याचं दार १९११ मध्ये उघडलं. नंतर इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांनी तो मिळवला. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर, महावीर आणि वीर चक्रांची स्थापना झाली तेव्हा स्वतंत्र भारताने हुद्द्याची भिंत ठेवलीच नाही. तिन्ही चक्रं सर्वांना सारखी. सावित्रीबाई खानोलकरांनी आखलेलं परमवीर चक्र लान्स नाईक करम सिंग यांच्या छातीवर जसं लागलं तसंच मेजर होशियार सिंग यांच्याही. ब्रिटनने मिलिटरी क्रॉस आणि मिलिटरी मेडलमधला भेद मिटवला १९९३ मध्ये. आपण त्यांच्या त्रेचाळीस वर्षं पुढे होतो.

माझा आक्षेप शौर्यपदकांच्या शेजारून चालणाऱ्या दुसऱ्या रांगेबद्दल आहे. युद्धातल्या नेतृत्वासाठी, नियोजनासाठी, सेवेसाठी दिल्या जाणाऱ्या पदकांची ही रांग. १९७१ पर्यंत तिच्यासाठी वेगळी व्यवस्था नव्हती. त्यामुळे त्या विजयानंतर जनरल माणेकशा यांना पद्मविभूषण मिळालं, पूर्वेकडच्या सेनापतींना पद्मभूषण आणि परम विशिष्ट सेवा पदकं. म्हणजे युद्ध जिंकल्याबद्दल नागरी सन्मान किंवा शांतताकाळातलं पदक. ही विसंगती लक्षात आल्यावर १९८० मध्ये सर्वोत्तम युद्ध सेवा, उत्तम युद्ध सेवा आणि युद्ध सेवा अशी तीन पदकं सुरू झाली. कल्पना योग्यच होती. शौर्य आणि नेतृत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची दाद वेगळी घ्यावी. (सेना पदकाच्या बाबतीत आपण हे अजूनही केलेलं नाही. ते शौर्यासाठीही मिळतं आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही, आणि छातीवरची फीत दोन्हींची एकच. चौकी जिंकणाऱ्याला आणि मुख्यालयात चोख काम करणाऱ्याला एकाच फितीत बसवण्यात दोघांचाही मान राहत नाही.)

पण दाद वेगळी केली तरी वेळ एकच ठेवली. चूक तिथे आहे.

शौर्य त्या क्षणी दिसतं. बंकरवर चढलेल्या माणसाचं मूल्यमापन करायला इतिहासकार लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. नेतृत्वाचं तसं नसतं. सेनापतीचा निर्णय बरोबर होता की चूक, राखीव फौज वेळेवर पाठवली की उशिरा, गुप्तवार्ता हातात असून दुर्लक्षिल्या गेल्या की खरोखरच मिळाल्या नव्हत्या, विजय त्याच्या योजनेमुळे मिळाला की खालच्या पलटणींनी रक्त सांडून योजनेतल्या चुका भरून काढल्या, हे युद्ध संपल्यावर तीन महिन्यांत कोण सांगू शकणार? ते सांगायला कागद लागतात, चौकशी लागते, शत्रूच्या बाजूची माहिती लागते. आणि हे सगळं यायच्या आधीच सन्मान देऊन टाकला की पुढे येणाऱ्या सत्याला अडचण होते. ज्याला राष्ट्राने गौरवलं त्याची चूक लिहायला कुणाची लेखणी धजावेल?

कारगिलचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. शौर्यपदकांची यादी १५ ऑगस्ट १९९९ ला आली, युद्ध संपून तीन आठवडेही झाले नव्हते. ते ठीकच झालं. मनोज पांडे, विक्रम बत्रा, संजय कुमार, योगेंद्र सिंग यादव यांच्यासाठी देशाने थांबायचं कारणच नव्हतं. त्या घाईतही यादव यांचं परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं आणि ते रुग्णालयात जिवंत असल्याचं मागाहून कळलं. तळातल्या नोंदी इतक्या हलत्या असतात. घुसखोरी वेळेत का कळली नाही याचा शोध घेणाऱ्या कारगिल पुनरावलोकन समितीचा अहवाल मात्र डिसेंबर १९९९ मध्ये सादर झाला आणि संसदेपुढे आला त्यानंतर दोन महिन्यांनी. सेनापतींच्या कामगिरीचं मोजमाप करायला जो किमान आधार लागतो, तो तेव्हा कुठे हाती आला.

शिवाय मोजमाप करणारे कोण, हाही प्रश्न होताच. बटालिक भागात ७० इन्फन्ट्री ब्रिगेडचं नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांना युद्धानंतर विशिष्ट सेवा पदक मिळालं. ते शांतताकाळातलं पदक आहे. त्यांनी दाद मागितली. २०१० मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाने त्यांच्या वरिष्ठांनी केलेलं मूल्यमापन पूर्वग्रहदूषित ठरवलं आणि लढाईच्या नोंदी सुधारायला सांगितलं. अकरा वर्षं. एका ब्रिगेडियरला, ज्याच्याकडे वकील करण्याची ऐपत आणि झगडण्याचा धीर होता, स्वतःच्या लढाईची नोंद दुरुस्त करून घ्यायला एवढी वर्षं लागली. त्याच ब्रिगेडमधल्या एखाद्या हवालदाराने कुठे जावं?

हा केवळ आपल्याकडचा रोग नाही. १९४२ मध्ये फिलिपिन्स हातचं जात असताना जनरल मॅकआर्थर ऑस्ट्रेलियात पोचले होते आणि अमेरिकेने त्यांना मेडल ऑफ ऑनर हे आपलं सर्वोच्च शौर्यपदक दिलं. प्रशस्तिपत्राची जुळवाजुळव खुद्द लष्करप्रमुख मार्शल यांनी केली, कारण सेनापती पळाला हा शत्रूचा प्रचार खोडून काढायचा होता. बातानमधल्या त्यांच्या उपाशी, आजारी सैनिकांनी त्याच वर्षी ९ एप्रिलला शरणागती पत्करली. मागे राहून कैदेत गेलेल्या जनरल वेनराइट यांना तेच पदक द्यावं अशी सूचना आली तेव्हा मॅकआर्थर यांनी विरोध केला. वेनराइट यांना ते मिळालं युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये. आयझेनहॉवर यांनाही उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेनंतर हे पदक देऊ केलं होतं. ते शौर्यासाठी आहे, मोहीम आखण्यासाठी नाही, म्हणून त्यांनी नाकारलं. मॅकआर्थर आणि आयझेनहॉवर या दोघांपैकी सैनिक कोणाला मानत असतील?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डरचं असंच झालं. अधिकाऱ्यांसाठीचं हे मानाचं पदक आघाडीपासून मैलोन् मैल दूर बसलेल्या स्टाफ अधिकाऱ्यांना मिळू लागलं आणि खंदकांतल्या अधिकाऱ्यांच्या मनात त्याची किंमत घसरली. शेवटी १९१७ मध्ये, ते प्रत्यक्ष माऱ्याखाली असलेल्यांनाच द्यावं, असा निर्बंध आणावा लागला.

मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरनंतर स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी १५ वीर चक्रं आणि ७ सर्वोत्तम युद्ध सेवा पदकं एकाच यादीत जाहीर झाली. वीर चक्रांबद्दल माझ्या मनात आदराखेरीज काही नाही. सातही वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या योग्यतेबद्दल शंका घेण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या मोहिमेचा कोणता निर्णय किती परिणामकारक ठरला, कुठे नुकसान झालं आणि का, याचा सविस्तर हिशेब देशासमोर येण्याआधी तिच्या नेतृत्वाला सर्वोच्च दर्जाची पसंती देऊन टाकावी का? त्या सातांचा मानही हिशेबानंतर मिळाला असता तर अधिक पक्का झाला असता.

‘युद्धानंतर लगेच सन्मान झाला नाही तर मनोबल खचेल’ हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. जवानाच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा आहे. पडलेल्या जवानाच्या पत्नीला पुढच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत उत्तर मिळालंच पाहिजे. २०१७ पासून परमवीर चक्राला केंद्राचा मासिक भत्ता २०,००० रुपये, महावीरला १०,००० आणि वीर चक्राला ७,००० झाला. जवानाच्या घरी या रकमेलाही अर्थ आहे, तिथे उशीर परवडत नाही. लेफ्टनंट जनरलचं मनोबल मात्र पदक दोन-तीन वर्षं थांबल्याने खचत असेल, तर तो मोहिमेचा प्रमुख व्हायच्या लायकीचाच नव्हता. त्याची बढती अडत नाही, निवृत्तिवेतन अडत नाही. अडते ती फक्त एक फीत.

म्हणून माझं म्हणणं असं. गोळ्यांच्या माऱ्यातलं शौर्य, मग ते शिपायाचं असो की ब्रिगेडियरचं, ताबडतोब गौरवा. युद्ध सेवा पदकांपैकी वरची दोन, निदान मेजर जनरल आणि त्यावरच्या हुद्द्यांसाठी, त्या युद्धाचा चौकशी अहवाल संसदेपुढे आल्याशिवाय देऊ नका. याचा एक मोठा फायदा आहे. आज असे अहवाल कपाटात ठेवण्यात कुणाचं काही बिघडत नाही. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ मध्ये तयार झाला आणि सरकारने तो आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. १९७१ चा अधिकृत इतिहास १९९२ मध्ये लिहून झाला आणि लोकांच्या हाती पडला २००० मध्ये, तोही फुटून. सेनापतींची पदकं अहवालाला बांधली, तर अहवाल बाहेर यावा असं वाटणारे लोक पहिल्यांदाच संरक्षण मंत्रालयाच्या आत तयार होतील.

दुसरी गोष्ट शिफारशीच्या लेखणीची. व्हिक्टोरिया क्रॉसच्या १८५६ च्या सनदेत एक कलम होतं. संपूर्ण तुकडीच सारख्या शौर्याने लढली असेल आणि एकाला निवडणं अशक्य असेल, तर अधिकाऱ्यांनी एक अधिकारी निवडावा, हवालदार दर्जाच्यांनी आपल्यातला एक आणि शिपायांनी आपल्यातले दोन. १८५७ च्या लढायांत ते वापरलं गेलं, १९१८ मध्ये बेल्जियमच्या झीब्रुग बंदरावरच्या छाप्यानंतरही. साम्राज्यशाहीच्या सैन्याला शिपायाच्या मताची किंमत एवढी कळली होती, आणि आपल्या लोकशाहीच्या सैन्यात ती सोय नाही. रेझांग लासारख्या ठिकाणी, जिथे अख्खी कंपनी लढली, वाचलेल्या जवानांच्या मताला शिफारशीचा दर्जा असायला हवा.

तिसरी, आणि माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाची, फेरतपासणी. प्रत्येक मोठ्या युद्धाच्या पदकांची फाइल पंचवीस वर्षांनी कायद्यानेच उघडावी. सैन्याबाहेरचे इतिहासकार, निवृत्त अधिकारी आणि निवृत्त जेसीओ अशी समिती असावी, शत्रूच्या नोंदी, डायऱ्या, नव्याने समोर आलेल्या साक्षी तपासाव्यात आणि राहून गेलेल्यांना न्याय द्यावा. ‘एकदा उघडलं की थांबणार कुठे’ असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावं. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या लाखो कृष्णवर्णीय सैनिकांपैकी एकालाही मेडल ऑफ ऑनर मिळालं नव्हतं. १९९३ मध्ये अभ्यास सुरू झाला, १९९७ मध्ये सात जणांना ते दिलं गेलं. सातांपैकी एकटे व्हर्नन बेकर हयात होते. सात नावांनी त्या पदकाची किंमत उतरली नाही. आणि आपण तरी हे पूर्वी केलेलं नाही का? देवय्यांसाठी केलं. फक्त ते अपवाद म्हणून, कुणाच्या तरी पुस्तकाच्या कृपेने झालं.

अशी फेरतपासणी सेनापतींच्याही हिताची आहे. १९७१ मध्ये लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरने हेलिकॉप्टरांतून मेघना ओलांडली आणि ढाक्याची वाट मोकळी केली. त्या झेपेने युद्धाचा निकाल किती लवकर लागला हे जाणकार आज एकमुखाने सांगतात, पण ते उमगायला वर्षं गेली. युद्धानंतर त्यांच्या वाट्याला पद्मभूषण आलं. युद्धातल्या नेतृत्वाचं एकही पदक आलं नाही, कारण ते अस्तित्वातच नव्हतं, आणि १९८० मध्ये ते सुरू झाल्यावर मागे वळून कुणी पाहिलं नाही. पंचवीस वर्षांचा नियम असता तर १९९६ मध्ये १९७१ ची फाइल उघडली असती. अधिकृत इतिहास तोवर लिहून तयार होता. सगत सिंग त्यानंतर आणखी पाच वर्षं, २००१ पर्यंत हयात होते.